लग्नपत्रिकेवर रोमन स्क्रिप्ट फॉन्ट आणि त्याच्या जोडीला देवनागरी: मेळ कसा घालावा?

पत्रिकाकार (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी,

महालात माझे पत्रिका आणि नामफलकांचे छोटेसे काम आहे. सध्या हातात असलेल्या एका लग्नपत्रिकेत मुलीकडच्या मंडळींचा आग्रह असा आहे की वधूवरांची नावे, म्हणजे वैभवी आणि ओंकार, मुखपृष्ठावर इंग्रजीत यावीत आणि ती एकमेकांत गुंफलेल्या वळणदार अक्षरांच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट स्क्रिप्ट फॉन्ट म्हणतो तशा, अक्षरांत असावीत. खाली तीच नावे मराठीत हवी आहेत. आतला मजकूर मात्र '॥ श्री गजानन प्रसन्न ॥'पासून आहेराच्या सूचनेपर्यंत सगळा मराठीत आहे. छपाई ऑफसेटवर होईल, नावांवर सोनेरी फॉइल बसेल आणि हीच नावे पुढे मंगल कार्यालयाच्या दारासाठी लेझरवर अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून द्यायची आहेत.

अडचण अशी की इंग्रजी नाव पत्रिकेच्या पूर्ण रुंदीत पसरावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवले की सांधे उघडे पडतात आणि प्रत्येक अक्षराची शेपटी अधांतरी लोंबकळताना दिसते. अंतर वाढवले नाही, तरी 'व्ही'नंतरचा 'आय' आणि 'बी'नंतरचा 'एच' नीट जुळल्यासारखे वाटत नाहीत. त्यातच मुलाच्या वडिलांना आडनावे त्याच फॉन्टमध्ये, पण सगळी मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये हवी आहेत. मराठी नावांसाठी मी दोन-तीन हस्ताक्षरी वळणाचे फॉन्ट लावून पाहिले. ते एकटे असताना बरे दिसतात, पण त्या नाजूक इंग्रजी अक्षरांखाली ठेवले की पाहुणा चुकीच्या मांडवात शिरल्यासारखे वाटतात. इंग्रजीसारखेच तिरके केलेले मराठी तर मला स्वतःलाच पाहवले नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अक्षररेखक

आपण सांगितलेल्या बहुतेक अडचणी सांध्याच्या आहेत, म्हणून आधी सांध्याबद्दलच लिहितो. साध्या रोमन फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा राखलेली असते आणि त्या जागेतूनच शब्दाची लय तयार होते. स्क्रिप्ट फॉन्टमध्ये ही जागा जवळजवळ शून्य, किंवा उणेसुद्धा ठेवतात, कारण एका अक्षराची बाहेर पडणारी बारीक रेघ पुढच्या अक्षराच्या सुरुवातीवर नेमकी चढली पाहिजे. त्यासाठी फॉन्ट रेखाटणारा आधी एक उंची ठरवतो आणि लहान लिपीतली शक्य तितकी अक्षरे त्याच उंचीवर बाहेर पडतील व त्याच उंचीवर आत शिरतील अशी आखणी करतो. आपण ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधले अंतर एकदम, वाढवता तेव्हा ही सगळी आखणी उसवली जाते. म्हणून स्क्रिप्ट फॉन्टला ट्रॅकिंग शून्यच ठेवावे आणि रुंदी हवी असेल तर आकार वाढवावा. नाव तरीही पुरेसे पसरत नसेल, तर पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराचे लांब शेपटीचे पर्यायी रूप वापरावे. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर कर्निंग (दोन शेजारच्या अक्षरांमधले अंतर) 'ऑप्टिकल'वर न ठेवता 'मेट्रिक्स'वर ठेवा. ऑप्टिकल कर्निंग अक्षरांच्या आकारांवरून स्वतःच अंतरे ठरवते आणि रेखाटणाऱ्याने मुद्दाम ठेवलेले चढ मोडून टाकते.

आता 'बी' आणि 'व्ही'कडे वळू. रोमन लहान लिपीत 'ओ', 'बी', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरे तळाशी न संपता वरच्या अंगाला संपतात. हाताने लिहिणारा माणूस तिथून पुढचे अक्षर सहज वरूनच सुरू करतो, पण फॉन्टमध्ये पुढच्या 'आय'चे एकच रूप असेल तर ते खालून येणाऱ्या रेघेची वाट पाहत उभे असते. जुन्या किंवा घाईत केलेल्या फॉन्टमध्ये यावर तोडगा म्हणून 'व्ही'ची शेवटची रेघ खाली ओढून आणतात, त्यामुळे ते अक्षर दुसऱ्याच अक्षरासारखे दिसू लागते. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये अशा जागांसाठी वेगळी रूपे रेखाटलेली असतात आणि शेजारचे अक्षर पाहून ती आपोआप बदलली जातात. ही सोय 'कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स' या नावाने सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती चालू असल्याची खात्री करावी लागते. आपल्या 'वैभवी'च्या रोमन रूपात 'बी-एच' आणि 'व्ही-आय' हे दोन्ही वरचे सांधे आहेत, त्यामुळे फॉन्ट पारखायला याहून चांगले नाव मिळणार नाही. संकेतस्थळावर फॉन्टचा जो नमुना शब्द दाखवतात तो पाहून निर्णय घेऊ नका. हेच नाव मोठ्या आकारात लावून सांधे तपासा.

हा त्रास संगणकाबरोबर आलेला नाही. जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्याचे (एकेका अक्षराच्या ठशाचे) अंग चौकोनी असते आणि तिरकी, जोडलेली अक्षरे त्या चौकोनात मावत नाहीत. रेघ अंगाबाहेर काढली तर ती दाबाखाली तुटते. 19व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये फिर्मँ दिदोने यासाठी खिळ्यांचे अंगच तिरके करून पाहिले. 1953 मध्ये रोजे एक्सकोफाँने 'मिस्ट्रल' आणला, त्यात ब्रशच्या फटकाऱ्याची कड मुद्दाम खडबडीत ठेवलेली असल्यामुळे सांधा कुठे आहे ते डोळ्यांना कळतच नाही. मला स्वतःला ही युक्ती सगळ्यांत हुशारीची वाटते. नाजूक वळणाला मात्र ती चालत नाही. मॅथ्यू कार्टरचा 'स्नेल राउंडहँड' 1966 मध्ये फोटोटाइपसेटिंगसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरे उमटवण्याच्या पद्धतीसाठी, आला. तिथे अक्षराला धातूचे अंगच नसल्यामुळे 17व्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स स्नेल या लेखनगुरूने लिहिलेले वळण अखंड सांध्यांसह छापणे शक्य झाले. पुढे 1998 मध्ये हेर्मान झाप्फ यांचा 'झाप्फिनो' आला, ज्यात एकेका अक्षराला अनेक रूपे आहेत.

आपल्या कामासाठी 'स्नेल राउंडहँड' किंवा अडोबीचा, रिचर्ड लिप्टन यांनी रेखाटलेला 'बिकहॅम स्क्रिप्ट' पाहावा. दुसऱ्यात पर्यायी रूपे भरपूर आहेत. 'झाप्फिनो' सुंदर आहे, पण त्याच्या वर-खाली जाणाऱ्या लांब फटकाऱ्यांना इतकी जागा लागते की खाली मराठी नाव बसवणे जिकिरीचे होईल.

आडनावांच्या बाबतीत मात्र वडिलांना नम्रपणे नाही म्हणावे. या वळणातली मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी रेखाटलेली असतात आणि पुढच्या मोठ्या अक्षराशी जुळण्याची कोणतीही सोय त्यांच्यात नसते, त्यामुळे ती ओळीने लावली की नाव वाचताच येत नाही. त्यांना मोठी लिपीच हवी असेल तर आडनाव साध्या, सडपातळ सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या) फॉन्टमध्ये, बऱ्याच लहान आकारात आणि मोकळ्या अंतराने लावून दाखवा. अंतर वाढवण्याची हौस तिथे भागते आणि स्क्रिप्टमधले नावही उठून दिसते.

छापखानेवाला (इतवारी)

वरील माहिती उत्तम आहे, पण पडद्यावर जुळलेला सांधा कागदावर टिकेलच असे नाही, म्हणून मशीनच्या बाजूने थोडे लिहितो.

या वळणात जाड आणि बारीक रेघांतला फरक फार मोठा असतो. फॉइल बसते ती तापवलेल्या ब्लॉकच्या दाबाने, आणि दाब दिला की रेघ थोडी पसरते किंवा कागद खरखरीत असेल तर मध्येच सुटते. आम्ही पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ फॉइलच्या ब्लॉकमध्ये घेत नाही, आणि पत्रिकेचा कागद हँडमेड किंवा उठावदार पोताचा असेल तर त्याहून जाड मागतो. सांध्याची रेघ हीच नावातली सगळ्यांत बारीक रेघ असल्यामुळे सुटते तीही नेमकी सांध्यातच, आणि मग गुळगुळीत कागदावर अखंड दिसलेले नाव पोताच्या कागदावर तुकड्यातुकड्यांत येते. उलट बाजूने, 'ए'च्या पोटातली किंवा 'के'च्या वळशातली पोकळी लहान असेल तर तिथे फॉइल भरून येते. म्हणून फॉन्ट निवडताना पत्रिकेच्या खऱ्या आकारात प्रिंट काढून सर्वांत बारीक रेघ मोजा, आणि ती कमी पडत असेल तर कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर केल्यावर, सगळ्या अक्षरांना सारखी, केसभर जाडी द्या. फक्त सांधे जाड करू नका. ते ठिगळासारखे दिसतात.

अ‍ॅक्रिलिकची कथा वेगळी आहे. स्क्रिप्ट फॉन्टमध्ये अक्षरे जुळलेली दिसली तरी फाइलमध्ये ती एकमेकांवर चढलेली स्वतंत्र अक्षरे असतात. तशीच फाइल लेझरला दिली तर मशीन प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापते आणि सांध्याच्या ठिकाणी अक्षरांचे तुकडे पडतात. कोरलमध्ये नाव कर्व्ह करून झाल्यावर 'वेल्ड' करायला, म्हणजे एकमेकांवर चढलेली अक्षरे एकाच आकृतीत जोडायला, विसरू नये. वेल्ड केल्यावर वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) पाहिले की आतल्या रेघा गेल्या आहेत की नाहीत ते लगेच कळते.

वेल्ड करूनही काही भाग सुटेच राहतात. रोमन 'वैभवी'त 'आय' दोनदा येतो, त्यामुळे दोन टिंबे वेगळी पडतील. 'ओंकार'चा मोठा 'ओ' बहुतेक फॉन्टमध्ये पुढच्या 'एम'ला जुळलेला नसतो. मराठीत शिरोरेषा सगळे नाव धरून ठेवील असे आपल्याला वाटते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे, पण 'ओं'वरचा अनुस्वार सुटा आहे. 'वैभवी'त तर आणखी एक मेख आहे: 'भ'च्या डाव्या अंगाला, त्याच्या गाठीच्या डोक्यावर, शिरोरेषा नसते, त्यामुळे 'वै'ची रेषा तिथे थांबते आणि पुष्कळ फॉन्टमध्ये 'वै' आणि 'भवी' असे दोन तुकडे हातात येतात. 'ध' आणि 'थ' यांचेही तसेच. ती फट शिरोरेषेने बुजवू नये, कारण मग 'भ'चा 'म' होतो आणि मंडपाच्या दारावर वधूचे नाव चुकीचे झळकते. गाठ डावीकडे किंचित सरकवून 'वै'च्या दंडाला खालच्या बाजूने टेकवता आली तर पाहावे, नाहीतर सरळ मागे पारदर्शक पाटी द्यावी. मी तर नेहमी पाटीच सुचवतो. गावोगावच्या कार्यालयांत उतरवता-चढवताना नुसती कापलेली अक्षरे टिकत नाहीत.

बोरू-दौत (सीताबर्डी)

मी हस्ताक्षर आणि सुलेखन शिकवतो, त्यामुळे माझे म्हणणे मुख्यतः मराठी नावांबद्दल आहे.

आपल्याला मराठी हस्ताक्षरी फॉन्ट 'परके' वाटले याचे कारण लेखणीत आहे. 'स्नेल राउंडहँड'च्या घराण्यातले वळण टोकदार, लवचीक निबाचे आहे: खाली येताना दाब दिला की टोक फाकते आणि रेघ जाड होते, वर जाताना हात हलका असतो म्हणून ती केसासारखी राहते. देवनागरीची जाडी-बारीकी दाबातून येत नाही, ती बोरूच्या तिरक्या कापातून येते, आणि हा काप रोमन लिपीच्या रुंद निबाच्या उलट दिशेचा असतो. 'कलम'सारखा फॉन्ट तर आणखी तिसऱ्याच साधनाचा, रोजच्या पेनाने लिहिल्यासारखा आहे. तो मला आवडतो, पण तो चिठ्ठीला शोभतो. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' या ओळीचा थाट त्याला पेलत नाही.

याशिवाय दोन्ही लिप्या मुळात वेगवेगळ्या ठिकाणी जुळतात. रोमन वळण खालून, अक्षराच्या पायाजवळून जुळत जाते आणि देवनागरी डोक्यावरून. त्यामुळे रोमनची नक्कल करण्यासाठी देवनागरी अक्षरांना खाली शेपट्या जोडल्या की एकाच शब्दात दोन सांधे भांडू लागतात, आणि अक्षरे यांत्रिकपणे तिरकी केली की सगळे दंड कलंडतात. आपल्याला ते पाहवले नाही हे योग्यच झाले. माझ्या मते मराठी नाव सरळ उभे, चांगल्या जाड-बारीक रेघांचे आणि शांत असावे. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट लावून पाहा. त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत. अनेक फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली तरच, तीही फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी रूपे देतात. आतल्या मजकुरातला 'वऱ्हाड' हा शब्दही याच वेळी तपासा. आपल्या विदर्भातल्या पत्रिकेत तो येणारच, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलून घेताना 'ऱ्ह' हमखास बिघडतो.

दोन्ही नावे एकाखाली एक ठेवताना पॉइंट (फॉन्टच्या आकाराचे माप) सारखे ठेवून भागत नाही. स्क्रिप्ट फॉन्टमधली लहान लिपी मोठ्या अक्षरांच्या मानाने फारच बुटकी असते, त्यामुळे त्याच पॉइंटमधले देवनागरी थोराड दिसते. देवनागरीच्या दंडाची जाडी रोमनच्या जाड रेघेशी जुळवा आणि शिरोरेषेला रोमनच्या बारीक रेघेइतकी नाजूक करण्याच्या फंदात पडू नका. शिवाय 'वै'वर दोन मात्रा आहेत, 'वी'ला वेलांटी आहे, 'ओं'वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही आहेत, म्हणजे मराठी नावांची वरची बाजू गजबजलेली आहे. तिथे रोमन 'व्ही'चा फटकारा खाली उतरला तर गुंता होईल. दोन ओळींत ऐसपैस जागा सोडा, किंवा मराठी नाव वर घ्या. मी तर ते वरच घेईन आणि थोडे मोठेही ठेवीन.

जुळत्या वळणाचीच हौस असेल तर आपल्याकडे मोडी आहे. तिच्यात कागदावर आधी सलग आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेला लटकवत जात; शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही प्रथा नव्हती. तिचे खिळेही पाडले गेले होते. 1810 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपूर) येथे छापलेल्या विल्यम केरीच्या मराठी कोशात मराठी शब्द मोडीत आहेत. 2014 मध्ये युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र जागा मिळाली आणि 'नोटो सान्स मोडी' हा फॉन्ट आज मोफत मिळतो, मात्र त्यात बोरूचा फटकारा शोधू नये. तो एकसारख्या जाडीचा, अभ्यासासाठी उपयोगी असा फॉन्ट आहे. भोसल्यांच्या या गावात एखाद्या घराण्याला पत्रिकेच्या माथ्यावर मोडीतला 'श्री' शोभून दिसेल. नावे मात्र मोडीत घालू नका. पत्रिका वाचता आली नाही तर पाहुण्यांची पंचाईत होते.

आणि एक विचारतो: प्रश्न जर दोनच नावांचा आहे तर फॉन्ट हवाच कशाला? ही चार अक्षरसमूहांची रचना हाताने लिहून घेतली, स्कॅन करून कर्व्हमध्ये आणली, तर 'बी-एच'चा सांधा लिहिणारा स्वतःच सोडवतो आणि मराठी नावही त्याच हाताच्या लयीत येते.

अक्षररेखक

हाताने लिहून घेण्याच्या सूचनेशी मी नावांपुरता सहमत आहे, पण गिऱ्हाईक आयत्या वेळी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवते तेव्हा लिहिणारा उपलब्ध असेलच असे नाही, आणि हा प्रसंग या धंद्यात सगळ्यांनी पाहिलेला आहे. फॉन्टमध्ये तो बदल क्षणात होतो. हाताने लिहून घ्यायचेच असेल तर दोन्ही घरांकडून दोन्ही लिप्यांतल्या नावांवर आधी सही घ्यावी.

पत्रिकाकार (महाल, नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. मराठी नाव वर घेऊन एक नमुना केला आणि तो मुलीच्या आईला लगेच पसंत पडला. आडनावांचा प्रश्न सेरिफमुळे सुटला, वडील राजी आहेत. इंग्रजी नावांसाठी 'बिकहॅम'चा परवाना या कामापुरता महाग पडतो, म्हणून गिऱ्हाईकाला मोफत मिळणारा 'ग्रेट वाइब्स' दाखवायचा विचार आहे. तो व्यावसायिक कामात चालतो का, आणि छापखान्याला फॉन्टची फाइल द्यावी लागेल का?

छापखानेवाला (इतवारी)

'ग्रेट वाइब्स' ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, त्यामुळे पत्रिकेत आणि फलकात खुशाल वापरा. फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही एवढेच. तो इतक्या पत्रिकांवर आला आहे की गांधीबागेतल्या कोणत्याही दुकानाचा अल्बम उघडला तरी दिसतो, हे मात्र गिऱ्हाईकाच्या कानावर घाला. वरच्या सांध्यांची परीक्षा त्यालाही लावा आणि 'व्ही-आय' खटकला तर कर्व्ह केल्यावर ती एक रेघ हाताने वळवून घ्या. एका नावासाठी तेवढे करणे अवघड नाही.

आम्हाला फॉन्टची फाइल देऊ नका. फॉइलची नावे वेगळ्या पानावर, कर्व्ह आणि वेल्ड केलेली, शंभर टक्के काळ्या रंगात द्या. आतला मराठी मजकूरही कर्व्ह करूनच पाठवा, पण त्याआधी युनिकोडमधली मूळ फाइल स्वतःकडे जपून ठेवा. मुहूर्ताची वेळ किंवा कार्यालयाचा पत्ता बदलला की पुन्हा तीच उघडावी लागेल. लेझरवाल्याला फॉइलची फाइल देऊ नका. तिथल्या रेघा अ‍ॅक्रिलिकसाठी फार बारीक पडतील, त्याच्यासाठी जाडी वाढवून वेगळी फाइल करा आणि अनुस्वार व 'आय'ची टिंबे पाटीवर नेमकी कुठे चिकटवायची त्याचा खऱ्या आकाराचा कागदी नमुना सोबत द्या.